चार गोव्यांएवढ्या जिल्ह्यातला नजरकैदी

गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. असे चार गोवे शेजारी शेजारी मांडले तरी तेलंगणातला जुना आदिलाबाद जिल्हा पुरता झाकला जात नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात त्याचे चार तुकडे झाले, त्याआधी तो १६,१०५ चौरस किलोमीटरचा होता. निजामाच्या काळात तर याहूनही ऐसपैस. आज नांदेडात असलेलं किनवट आणि चंद्रपुरात असलेलं राजुरा तेव्हा आदिलाबादेतच होतं. १९५६ ला भाषेवर राज्यं आखली गेली तेव्हा दोन्ही तालुके नांदेडला जोडले गेले. राजुरा पुढे तीन वर्षांनी चंद्रपूरला गेलं. म्हणून आदिलाबादची गोष्ट मराठी वाचकाला परक्या राज्याची वाटायचं कारण नाही.

एवढ्या मुलखात १९४१ च्या सुमारास राहायला आलेला एक युरोपीय माणूस कागदोपत्री इंग्रज सरकारचा शत्रू होता. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, जन्म १९०९, व्हिएन्ना. धंदा मानववंशशास्त्र. १९३६-३७ मध्ये नागा टेकड्यांतल्या कोन्याकांमध्ये राहून गेलेला. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि या ऑस्ट्रियन गृहस्थाच्या हाती जर्मन पारपत्र आलं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं तेव्हा ते हिंदुस्थानात होते. त्या धरपकडीत सापडलेला दुसरा ऑस्ट्रियन, गिर्यारोहक हाइनरिश हारर, अहमदनगर आणि देवळाली करत देहरादूनच्या छावणीत पोचला आणि तिथून पळून तिबेटात गेला. त्यावर पुस्तक निघालं, सिनेमाही निघाला. हायमेनडॉर्फ यांच्या वाट्याला काटेरी कुंपण आलं नाही. हैदराबाद संस्थानात राहा, बाहेर जाऊ नका, एवढंच त्यांना बजावण्यात आलं. मानववंशशास्त्रज्ञाला याहून चांगली शिक्षा कोणती?

त्यांची पत्नी बेटी, माहेरची एलिझाबेथ बर्नार्डो, इंग्रज होती. ती सोबत राहिली. दोघांनी आधी नल्लमलाच्या चेंचूंमध्ये आणि मग गोदावरीकाठच्या कोंडारेड्ड्यांमध्ये काम केलं. आदिलाबादला त्यांना आणलं ते एका बंडाने.

त्या बंडाचा नेता कोमरम भीम. हे नाव आता ‘आरआरआर’ चित्रपटामुळे देशभर पोचलं आहे. त्या पडद्यावरच्या भीमाचा आणि जोडेघाटच्या भीमाचा संबंध नावापुरताच. खऱ्या भीमाची मागणी साधी होती: राखीव जंगलाच्या रेषेने गोंड-कोलामांची शेतं गिळू नयेत, बारा गावांची जमीन कसणाऱ्यांच्या नावावर व्हावी. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी त्याला साथीदारांसह गोळ्या घातल्या. मग सरकारला प्रश्न पडला, हे लोक एवढे का चिडले? उत्तर शोधायला त्यांनी परदेशी नजरकैद्याला पाठवलं. ज्याला संस्थानाबाहेर जायची मुभा नव्हती, त्याने संस्थानाचीच चौकशी करायची. राज्यकारभारात असे विनोद अधूनमधून होतात, आणि क्वचित त्यांतून बरंही निघतं.

हायमेनडॉर्फ दांपत्याने मुक्काम टाकला तो उटनूरच्या डोंगरपट्टीतल्या मारलवाई या गोंड खेड्यात. आज ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, जैनूर मंडलात येतं. तिथून त्यांनी जे पाहिलं त्याची त्यांनी पुस्तकं केली, हजारो छायाचित्रं घेतली, चित्रफिती उतरवल्या. हा ठेवा लंडनच्या सोआस या संस्थेत आहे. आपण मात्र त्या गोष्टी आकड्यांतून पाहू. आदिलाबादची माती आकड्यांनाही चक्रावून टाकते.

पहिला नमुना जत्रेचा. इंद्रवेल्लीजवळ केसलापूर नावाचं छोटं गाव आहे. पौष अमावस्येला तिथे नागोबाची जत्रा भरते आणि लाखोंची गर्दी होते. तेलंगणात मेडारमनंतरची सर्वांत मोठी आदिवासी जत्रा ती हीच, असं सांगतात. नागोबा हे मेसराम कुळाचं दैवत. पूजेला पाणी लागतं, आणि ते गोदावरीचंच लागतं. जन्नारमकडच्या हस्तलमडुगू या डोहातून ते आणायचं, तेही अनवाणी. झारी घेतलेला कटोडा, म्हणजे पुजारी, आणि त्याच्यामागे मेसराम मंडळींची रांग पांढऱ्या कपड्यांत गावोगाव मुक्काम करत जाते. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास चाल पडते. साठ सेंटिमीटरचं एक पाऊल धरा, म्हणजे अडीच लाख पावलं. मोबाइलवर रोजची दहा हजार पावलं मोजून खूश होणाऱ्या शहरी माणसाला एवढ्यासाठी पंचवीस दिवस लागतील, आणि त्याच्या पायात बूट असतील.

जत्रेतला दुसरा आकडा छोटा आहे, पण मला तो मोठ्यांहून विलक्षण वाटतो. देवळाजवळ गोवाड नावाचं आवार आहे. हजारोंच्या संख्येने जमलेलं मेसराम कुळ तिथे स्वयंपाक करतं, आणि त्यासाठी चुली मांडल्या जातात फक्त बावीस. माणसं वाढली, वाहनं वाढली, जत्रेत आकाशपाळणे आले, चुली बावीसच राहिल्या. गोंडांची सगळी कुळं चार ‘सग्यां’त वाटलेली आहेत: चार भावांचा, पाच भावांचा, सहा भावांचा आणि सात भावांचा. आपल्या सग्यात लग्न नाही, सोयरीक बाकीच्या तिघांत शोधायची. हायमेनडॉर्फ यांनी या व्यवस्थेवर पानंच्या पानं लिहिली आहेत. चार, पाच, सहा आणि सात यांची बेरीज बावीस येते. गणिताची आवड असणाऱ्याने त्यातून काय काढायचं ते काढावं.

याच जत्रेत हायमेनडॉर्फ यांनी एक नवी प्रथा सुरू करायला लावली. माणसं एवीतेवी जमतातच, तर अधिकाऱ्यांनी तिथेच येऊन बसावं आणि गाऱ्हाणी ऐकावीत. हाच नागोबा दरबार. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, आंध्र प्रदेश झाला, त्यातून तेलंगण निघालं. दरबार अजून भरतो. कलेक्टर येतात, मंत्री येतात, अर्ज घेतले जातात. अर्जांचं पुढे काय होतं हे विचारण्याचा मान अर्थातच अर्जदारांचा. मेसरामांनी मात्र सरकारची वाट न पाहता आपल्या कुळातून वर्गणी काढून नागोबाचं दगडी मंदिर उभं केलं. २०२२ च्या अखेरीस त्याची प्रतिष्ठापना झाली.

गोंडांची देवचरित्रं, कुळकथा, युद्धकथा पाठ असतात त्या परधानांना. किकरी वाजवत रात्रभर गाणारे हे कुळांचे भाट. आदिलाबादच्या परधानांची घरातली भाषा मराठी आहे, आणि गातात ते गोंडीत. दुसऱ्याच्या भाषेतला महाकाव्यांचा ठेवा पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवायचा आणि घरी येऊन भाकरी मराठीत मागायची, असा समाज आपल्या इतक्या जवळ आहे आणि आपल्या वाङ्मयेतिहासात त्याला ओळभर जागा नाही. ही आपली श्रीमंती म्हणावी की गरिबी?

दिवाळीच्या आधी दंडारी ही नाचपथकं निघतात. त्यांत अंगाला राख फासून, मोरपिसांचा प्रचंड टोप घालून नाचणारे घुसाडी असतात. मोराच्या पिसाऱ्यात साधारण दीडशे लांब पिसं असतात आणि पावसाळा संपता संपता ती दरवर्षी गळून पडतात. एका टोपात पाचशे पिसं धरली तरी तीन-चार मोरांचा वर्षाचा पिसारा एका डोक्यावर चढतो. गावागावांतून निघणारे घुसाडी मोजायला बसलात तर जंगलातले मोर मोजावे लागतील. या नाचाचे गुरू कनक राजू मारलवाईचेच. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते वारले.

निसर्गाचे आकडे वेगळेच. नेरडिगोंड्याजवळ कडेम नदी कुंतालाला ४५ मीटर खाली उतरते. पंधरा मजली इमारतीची उंची. पाणी मधे कुठे न टेकता सरळ पडलं असतं तर त्याला तीन सेकंद लागले असते आणि तळाशी पोचताना वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला असता. सुदैवाने ते टप्प्याटप्प्याने पडतं. नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या गाड्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून इथून भरधाव निघून जातात, आणि त्यांतल्या बहुतेकांना वळणावर काय आहे हे माहीत नसतं. याच जुन्या जिल्ह्यात यामनपल्लीला सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरची हाडं निघाली. नऊ मीटर लांबीचा तो कोटासॉरस हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे.  

आता खऱ्या आकड्याकडे येऊ. हायमेनडॉर्फ यांचे अहवाल १९४५ मध्ये ‘ट्रायबल हैदराबाद’ नावाने छापून आले. त्यांचं निदान थोडक्यात असं: गोंड पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होते, पण त्यांच्याकडे पट्टा नव्हता. नांगर त्यांचा, कागद दुसऱ्याचा. जंगलखात्याने रेषा मारली की शेत जंगलात जायचं. उरलेलं, कचेरीची भाषा येणाऱ्या सावकाराच्या किंवा बाहेरून आलेल्या कास्तकाराच्या नावावर चढायचं. त्या बाहेरच्यांत मराठी बोलणारेही होते, हे आपण मान्य केलेलं बरं. पुढे हायमेनडॉर्फ निजाम सरकारचे आदिवासींविषयीचे सल्लागार झाले आणि कागद उलट दिशेने फिरू लागले. १९४९ पर्यंत आदिलाबादेत सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे अकरा हजारांहून थोड्या अधिक आदिवासींच्या नावे झाले.

एक लाख साठ हजार एकर म्हणजे किती, हे एकर म्हणून कळत नाही. चौरस किलोमीटरमध्ये ते ६४७ भरतात. बृहन्मुंबई, म्हणजे कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतचं सगळं शहर, साधारण ६०३ चौरस किलोमीटर. मुंबईहून मोठा भूभाग काही वर्षांत कसणाऱ्यांच्या नावे झाला, तोही सरंजामी संस्थानात आणि युद्धाच्या व पोलीस कारवाईच्या धामधुमीत. नंतरच्या लोकशाही सरकारांनी हा आकडा तोंडी घेताना जरा दमानेच घ्यावा.

श्रेय एकट्या परदेशी पाहुण्याला देऊन मोकळं होणं मात्र चूक ठरेल. आधी भीमाने जीव दिला होता. शिवाय हैदराबाद सरकारच्या सेवेत एक मराठी माणूस होता, सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे पगडी आपल्याला शिवकालाचे आणि मोगल साधनांचे इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. ते गोंडी शिकले, आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि गोंडी भाषेचं व्याकरणही लिहिलं. फारसी बखरींचा हा पंडित गोंडीची क्रियापदं लावत बसला होता, हे महाराष्ट्रात फार जणांना माहीत नाही.

मारलवाईत १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी केंद्र सुरू झालं. मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवायचं ठरलं. पण गोंडी लिहायची कोणत्या लिपीत? देवनागरी निवडली गेली, कारण बाजारहाटाची मराठी गोंडांना येत होती. गोंडी भाषा, देवनागरी अक्षरं, उर्दू राज्यकारभार, आणि मागे ऑस्ट्रियन माणूस. १९५६ नंतर तेलुगू राज्याची भाषा झाली आणि हा प्रयोग ओसरला.

आणि इथेच आदिलाबाद आपल्याला बुचकळ्यात टाकतो. २००६ मध्ये नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावात जुन्या हस्तलिखितांची चळत विद्वानांच्या हाती लागली. हैदराबाद विद्यापीठाच्या प्रा. जयधीर तिरुमलराव यांच्या चमूने ती उजेडात आणली. हस्तलिखितं गोंडीत होती आणि लिपी स्वतंत्र होती. देवनागरी नाही, तेलुगूही नाही. ती वाचू शकणारे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वृद्ध उरले होते. ज्या भाषेला लिपी नाही म्हणून १९४३ मध्ये उसनी आणली, तिची लिपी त्याच डोंगरपट्टीत एका गावच्या पेट्यांमध्ये पडून होती.

जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत गुंजाळा गोंडीला जागा मिळाली. जगभरच्या लिप्यांची मिळून १,३७,३७४ चिन्हं त्या आवृत्तीत होती, त्यांतली ६८४ नवी. गुंजाळाच्या वाट्याला ६३ आली. त्याच आवृत्तीत नव्या इमोजी आल्या ६६. गोंडीच्या अख्ख्या लिपीहून तीन जास्त. वर्तमानपत्रांत बातमी कशाची झाली असेल हे वाचकाने ओळखावं.

गोंड म्हणजे एखादी चिमुकली जमात, असं शहरी डोक्यात असतं. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंड होते सुमारे १ कोटी ३० लाख. त्या वेळी हायमेनडॉर्फ यांच्या ऑस्ट्रियाची लोकसंख्या होती ८४ लाख. पाहुण्याच्या देशाहून यजमानच दीडपट. गोंडी मातृभाषा सांगणारे मात्र २९,८४,४५३, म्हणजे चौघांत एकही पुरता नाही. आइसलँडच्या भाषेला चार लाख बोलणारेही नाहीत. तिला शाळा, संसद आणि नोबेल आहे.

हायमेनडॉर्फ पुढे लंडनला प्राध्यापक झाले, नेपाळात शेर्पांमध्ये राहिले, आणि १९७० च्या दशकात पुन्हा आदिलाबादेत फिरले. तेव्हाचं चित्र त्यांनी १९८२ च्या ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या पुस्तकात मांडलं आहे आणि ते सुखाचं नाही. १९४० च्या दशकात नावावर झालेल्या जमिनी पुन्हा हातातून निसटत होत्या. कायदा होता. १९५९ चा जमीन हस्तांतर विनियम १९७० मध्ये कडक करण्यात आला आणि अनुसूचित क्षेत्रात बिगरआदिवासीला जमीन घेता येणार नाही असं ठरलं. पण माणसं येतच राहिली. १९७० च्या दशकातच आंध्रात लंबाडा समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात तोच समाज, आपला बंजारा, विमुक्त जातींत गणला जातो. सीमेवरच्या नदीच्या एका काठावर एक यादी, दुसऱ्या काठावर दुसरी. माणसं लाभाच्या काठाकडे सरकली, यात नवल नाही. १९४० च्या सुमारास आठ लाखांच्या आसपास असलेली जिल्ह्याची वस्ती २०११ मध्ये २७,४१,२३९ झाली. जमीन काही वाढली नाही.

२० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीत जमिनीच्या प्रश्नावर गोंड जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा तेरा. मानवाधिकारवाले आणि गावकरी त्याच्या कित्येक पट सांगतात. तिथे हुतात्म्यांचा स्तूप आहे. नागोबाच्या जत्रेला जाणारा रस्ता इंद्रवेल्लीवरूनच जातो.

सीमेवरचं आश्चर्य आणखी निराळं. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली परमडोली, मुकदमगुडा, लेंडीगुडा यांसारखी चौदा गावं दोन्ही राज्यं आपली म्हणतात. राजुरा वेगळं निघालं तेव्हाची ही रेघ अजून सुकलेली नाही. तिथे घरात दोन रेशनकार्डं, गावात दोन शाळा, एक मराठी, एक तेलुगू, आणि दोन सरपंच. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं, आदिलाबादचं १३ मेला. दोन्ही याद्यांत नाव असलेल्या मतदाराच्या बोटावरची शाई मधल्या चोवीस दिवसांत किती फिकी झाली असेल?

बेटी हायमेनडॉर्फ १९८७ मध्ये हैदराबादला वारल्या. त्यांना मारलवाईत मूठमाती दिली गेली. क्रिस्तोफ १९९५ मध्ये लंडनला वारले. त्यांच्या अस्थीही नंतर मारलवाईत, बेटीच्या शेजारी आणल्या गेल्या. दरवर्षी ११ जानेवारीला गावकरी आणि अधिकारी तिथे जमतात, भाषणं होतात, फुलं वाहिली जातात.

फुलं वाहणाऱ्यांनी एक भागाकारही करून पाहावा. १९४९ पर्यंतच्या वाटपात एका आदिवासी पट्टेदाराच्या वाट्याला सरासरी चौदा एकरांवर जमीन आली होती. ३० जून २०२३ ला तेलंगणच्या मुख्यमंत्र्यांनी आसिफाबादेत, भीमाच्याच जिल्ह्यात, पोडू, म्हणजे जंगलात कसलेल्या, जमिनीच्या पट्ट्यांच्या वाटपाला सुरुवात केली. राज्यभराचा आकडा सांगितला गेला ४ लाख ६ हजार एकर आणि लाभार्थी १ लाख ५१ हजार. माणशी पावणेतीन एकरही भरत नाहीत.